शिबोरी आणि निळीचं रंगकाम: जपानी पद्धत, कोकणातलं सामान

शिबोरी म्हणजे कापड बांधून, दाबून किंवा टाके घालून रंगवायची जपानी पद्धत. तिचे निळे-पांढरे कुर्ते आणि ओढण्या हल्ली प्रत्येक प्रदर्शनात दिसतात, पण त्यातला बराच माल छापलेला असतो, बांधून रंगवलेला नसतोच. ओळखायचं कसं, तर कापड उलटं करून बघायचं, रंग दोन्ही बाजूंना उतरलेला हवा आणि पांढऱ्याच्या कडेला निळा हळूहळू फिका होत गेलेला हवा, धार कापल्यासारखी सरळ असली आणि तेच डिझाइन वीतभर अंतरावर परत आलं की समजायचं प्रिंट आहे. खरं काम घरी करता येतं आणि आपल्या किनारपट्टीला तर फार छान करता येतं, कारण लागणारं अर्ध्याहून जास्त सामान आपल्या परसात किंवा तालुक्याच्या बाजारात मिळतं आणि हवा तर निळीसाठी एकदम बरोबर आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जपानी कारागीर रंगाचा विचार करतात त्याच्या कितीतरी पट जास्त विचार रंग कुठे लागू द्यायचा नाही याचा करतात. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये उलटं चालतं, दहा मिनिटांत रबरबँड लावायचे आणि बादलीकडे पळायचं, आणि मग सगळ्यांची कापडं सारखीच दिसतात. बांधायला दोन-तीन संध्याकाळी गेल्या तरी जाऊ द्या, बुडवायला एक सकाळ पुरते.

थोडं मागचं सांगते, म्हणजे पद्धती अशा का आहेत ते कळेल. जपानमध्ये नागोयाजवळ अरिमात्सु म्हणून गाव आहे, एदो म्हणजे आताचं टोकियो आणि क्योतो यांना जोडणारा तोकाइदो नावाचा जुना रस्ता तिथून जायचा, त्या रस्त्यावर १६०८ साली हे गाव वसवलं गेलं. शेतीवर भागण्यासारखं नव्हतं, म्हणून ताकेदा शोकुरो या माणसाने सुती कापड बांधून निळीत रंगवून वाटसरूंना विकायला सुरुवात केली असं मानतात, आणि मग मुंबई-गोवा हायवेने जाणारा माणूस जसा काजू नि आगळ घेतल्याशिवाय पुढे जात नाही तसं अरिमात्सुचं तेनुगुई घेतल्याशिवाय लोक पुढे जाईनात. तेनुगुई म्हणजे साधारण ३५ बाय ९० सेंटिमीटरचा पातळ सुती रुमाल, हात पुसायला, डोक्याला बांधायला, आपल्या पंच्याचं काम करणारा. त्या काळी सामान्य लोकांच्या रेशीम वापरण्यावर बंधनं होती, त्यामुळे सगळी कला सुती कापडात आणि निळीत उतरली. गावात एकेका घराकडे एकेक बांधायची पद्धत असायची, एक कारागीर आयुष्यभर एकच प्रकार करायचा. १९७५ साली जपान सरकारने अरिमात्सु-नारुमी (नारुमी हे शेजारचं गाव) शिबोरीला पारंपरिक हस्तकला म्हणून अधिकृत मान्यता दिली.

कापड

पहिल्यांदा करताना मांजरपाट घ्या किंवा चांगला पंचा घ्या, मलमल पण चालेल. शंभर टक्के सुती हवं, पॉलिस्टर मिक्स अजिबात नको, नीळ त्यावर धरत नाही. शंका असेल तर दोन धागे जाळून बघा, सुती कागदासारखा वास देऊन राख होतं, पॉलिस्टरचा कडक गोळा होतो. साइज तेनुगुईचाच ठेवा, हातात मावतो आणि बादलीत नीट बुडतो.

नवीन मांजरपाटाला खळ असते, शिवाय कापसाचा मूळ तेलकटपणा असतो, तो काढल्याशिवाय बांधायला बसायचंच नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, किलोभर कापडाला वीसेक ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण, आणि तासभर उकळायचं. पाणी चहाच्या रंगाचं होतं, ते बघितलं की कळतं काय काय होतं कापडात. मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्यातून काढून वाळवायचं आणि वाळल्यावर वरून पाण्याचा एक थेंब टाकायचा, थेंब लगेच शोषला गेला तर कापड तयार, मण्यासारखा वर उभा राहिला तर परत उकळायचं. ही पायरी कंटाळवाणी आहे पण डाग पडलेलं, ठिपक्या-ठिपक्याने रंग धरलेलं कापड बहुतेक वेळा इथेच बिघडलेलं असतं.

पाण्याचं एक बघा. आपल्याकडे जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात कधीकधी लोह असतं, बादलीला तांबूस थर येतो त्यावरून कळतं. निळीला त्याने फार फरक पडत नाही पण काळ्या रंगाच्या कामात येतो तो हिरडा वगैरे वापरणार असाल तर सगळं काळपट होईल. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी पिंपात धरून ठेवा, इतकं मऊ आणि बिनलोहाचं पाणी विकत घेऊन मिळणार नाही. पहिल्या दोन-चार पावसांचं सोडून द्या, कौलं धुऊन निघू देत.

बांधणं

इथे वेळ घाला. चार प्रकार सांगते, ज्यांनी सुरुवात करायला हरकत नाही.

सगळ्यात सोपा इताजिमे, म्हणजे घडी घालून दोन फळ्यांमध्ये दाबणं. त्यातला सेक्का नावाचा प्रकार, बर्फाच्या फुलासारखी नक्षी येते, पूर्वी जपानमध्ये तान्ह्या बाळांच्या लंगोटांना पण हीच नक्षी असायची, इतका रोजच्या वापरातला आहे तो. कापडाची लांबीच्या दिशेने पुढे-मागे अशी झिगझॅग घडी घालून चार पदरी पट्टी करायची, इस्त्री फिरवायची, मग त्या पट्टीची समान बाजूंच्या त्रिकोणात घडी घालत जायचं, पण लक्षात ठेवा, त्रिकोण एकाच दिशेने गुंडाळत जायचं नाही, एकदा पुढे एकदा मागे. गुंडाळलं की आतल्या पदरांपर्यंत रंग पोचत नाही आणि अर्धं कापड कोरं राहतं, झिगझॅगमध्ये प्रत्येक पदराची कड बाहेर येते. मग वर-खाली त्याच आकाराच्या, किंचित लहान फळ्या लावून सी-क्लॅम्पने आवळायच्या. सुताराकडे प्लायचे तुकडे मागितले तर असेच देतात. फळ्यांऐवजी पोफळीच्या रिपा तासून आडव्या-उभ्या लावल्या तर सेक्का नाही होणार, पण पट्ट्यापट्ट्यांची सुंदर चौकट मिळते, आणि पोफळीची रीप ओली होऊन पण वाकत नाही.

दुसरा कानोको आणि कुमो. कानोको म्हणजे चिमटीत कापडाचा अगदी छोटा टोक धरून त्याला दोऱ्याचे वेढे द्यायचे, आपली बांधणी करतात तसंच तत्त्व आहे. क्योतोमध्ये पूर्ण किमोनोभर हे काम करतात तेव्हा गाठींची संख्या लाखाच्या वर जाते. नवशिक्याने चिमटीत पकडायला आत काहीतरी घालावं, चवळीचा दाणा, चिंचोका, मोठं वर्तुळ हवं तर सागरगोटा. कुमोमध्ये कापड उचलून त्याच्या बारीक चुण्या करून बुंध्यापासून टोकापर्यंत दोरा गुंडाळत जायचा, उघडल्यावर कोळ्याचं जाळं दिसतं. दोरा ओढताना ताण सारखा हवा, हे हाताला कळायला वेळ लागतो, त्याला दुसरा उपाय नाही. दोरा साध्या शिलाईचा घेऊ नका, तुटतो. बंदरावर जाळी दुरुस्त करायचा बारीक नायलॉन दोरा मिळतो तो घ्या, कितीही ओढा, तुटत नाही, पण बोटांना चिकटपट्टी लावून बसा नाहीतर संध्याकाळपर्यंत बोटं कापलेली असतील.

तिसरा नुई, टाके घालून बांधणं, आणि मला विचाराल तर शिबोरीचा खरा आनंद इथे आहे, कारण नक्षी तुम्ही काढाल तशी येते. कापडावर पेन्सिलीने हलक्या रेषा काढा, दोरा दुहेरी घ्या, टोकाला मोठी गाठ मारा आणि साधा धावदोरा घालत रेषेवरून जा. लाकडाच्या रेषांसारखी नक्षी हवी असेल, जिला मोकुमे म्हणतात, तर अर्ध्या-एक सेंटिमीटरवर समांतर रेषा घ्यायच्या आणि टाके मुद्दाम थोडे लहान-मोठे ठेवायचे, सगळे एका मापाचे घातले तर चौकटीचौकटीचं दिसतं, लाकूड दिसत नाही. प्रत्येक रेषेचा दोरा शेवटी लोंबता ठेवायचा, एकही ओढायचा नाही. सगळ्या रेषा झाल्यावर कापड ओलं करायचं आणि मग एकेक दोरा ओढून, चुण्या घट्ट सारून, दोन-दोन दोऱ्यांची एकमेकांशी गाठ मारायची. ओल्या कापडावर दोरा जास्त आवळतो. चुण्यांच्या मधून उजेड दिसायला नको इतकं घट्ट.

चौथा आराशी, वादळात तिरपा पाऊस पडतो तशा रेषा येतात म्हणून हे नाव, आणि आपल्याला आषाढात तिरपा पाऊस कसा असतो ते सांगायला नको. अरिमात्सुच्या सुझुकी कानेझो यांनी १८८० च्या सुमारास हा प्रकार काढला, त्यांचे खांब लाकडी आणि चारेक मीटर लांब असायचे. आपल्याला चार इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा पुरतो, बागेला पाणी नेल्यावर उरलेले तुकडे प्रत्येक घरी पडलेले असतातच. पाइपवर कापड तिरपं, साधारण ४५ अंशात गुंडाळा, कड चिकटपट्टीने धरा, खालच्या टोकाला दोरा बांधा आणि सेंटिमीटरभर अंतर ठेवून वर गुंडाळत जा, दहाबारा वेढे झाले की दोन्ही हातांनी कापड खाली दाबायचं म्हणजे दोऱ्याच्या मधे चुण्या पडतात, परत वेढे, परत दाबणं. पूर्ण कापड पाइपच्या खालच्या भागात वीतभर होऊन बसलं पाहिजे. पाइप आधी पॉलिशपेपरने घासून घ्या, त्यावरची छापील अक्षरं कापडाला लागतात.

बांधून झालेलं कापड रंगवण्याआधी अर्धा तास साध्या पाण्यात बुडवून ठेवायचं. आतल्या चुण्यांमध्ये पाणी आधीच भरलं की रंग आत घुसत नाही, पांढरा भाग पांढरा राहतो. ही पायरी कधीच सोडू नका.

निळीचं पिंप

आधी नीळ कुठली ते. किराणा दुकानात पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ मिळते ती ही नव्हे, त्याने काही होणार नाही. आपल्याला हवी ती निळीच्या झाडाच्या पानांपासून केलेली, गडद निळी वडी किंवा पावडर. तमिळनाडूत अजून चांगली होते आणि ऑनलाइन मिळते. जपानमध्ये झाड वेगळं, त्याला ताडे-आई म्हणतात, पूर्वीचा आवा प्रांत म्हणजे आताच्या तोकुशिमामध्ये होतं, पण दोन्ही झाडांतला निळा पदार्थ एकच, इंडिगो.

तोकुशिमात पानं वाळवून, त्यावर पाणी मारून, पालथी-उलथी करत सुमारे शंभर दिवस कुजवतात, त्याला सुकुमो म्हणतात. मग सुकुमो, लाकडाच्या राखेचं पाणी, गव्हाचा कोंडा, चुना, थोडी साके म्हणजे तांदळाची दारू असं घालून रांजणात आंबवतात. त्यातले जिवाणू इंडिगोचं रूप बदलतात. कारण इंडिगो पाण्यात विरघळतच नाही, नुसता घातला तर गाळ होऊन खाली बसतो. क्षारयुक्त पाण्यात त्याच्यातला ऑक्सिजन काढून घेतला की तो पिवळट-हिरवा आणि विरघळणारा होतो, धाग्यात शिरतो, आणि बाहेर हवा लागली की परत निळा होऊन धाग्यातच अडकतो. एवढं एक समजलं की पिंपाचं काहीही बिघडलं तरी तुम्ही दुरुस्त करू शकाल. हवेतला ऑक्सिजन पिंपात जाऊ द्यायचा नाही आणि चुना कमी पडू द्यायचा नाही, बस.

जपानमध्ये थंडीत हे रांजण गार पडू नयेत म्हणून चार रांजण जमिनीत पुरून मधे विस्तवाची जागा करतात. आपल्याला त्याची गरज नाही, आपल्याकडे बारा महिने पडवीतलं पिंप आपोआप ऊबदार राहतं. म्हणून म्हटलं हवा बरोबर आहे.

सुकुमो इथे मिळणं कठीण, त्यामुळे पहिलं पिंप सोप्या पद्धतीने लावा. मिशेल गार्सिया या फ्रेंच रंगतज्ज्ञाने लोकांपर्यंत पोचवलेली ही पद्धत, वजनाने एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फ्रुक्टोज. पंधरा लिटर पाण्याला ७५ ग्रॅम नीळ, १५० ग्रॅम चुना, २२५ ग्रॅम फ्रुक्टोज घ्या, मध्यम गडद पिंप होतं. वीस लिटरची रंगाची रिकामी बादली झाकणासकट घ्या, पसरट घमेलं नको, जितकं तोंड लहान तितकी हवा कमी लागते.

चुना विझवलेला पावडरीचा घ्या. कळीचा चुना चुकूनही गरम पाण्यात टाकू नका, उसळून अंगावर येतो. आपल्याकडे पूर्वी शिंपल्या भाजून चुना करायचे, जपानी निळीच्या पिंपातही शिंपल्यांचाच चुना घालायची पद्धत आहे, जुन्या माणसांपैकी कोणी अजून करत असेल तर जरूर मिळवा. हातमोजे घाला आणि डोळे सांभाळा, पोरंबाळं जवळ नकोत.

निळीची पावडर आधी बरणीत थोडं कोमट पाणी आणि सात-आठ गोटे घालून खूप हलवायची, पेस्ट गुळगुळीत व्हायला हवी, कोरडी गुठळी राहिली तर ती कायम गुठळीच राहते. बादलीत ५० ते ६० अंशांचं पाणी घ्या, म्हणजे बंबातलं कडक पाणी, त्यात फ्रुक्टोज विरघळवा, मग नीळ, मग चुना थोडा थोडा करत. लांब काठीने एका दिशेने गोल हळू ढवळा, पाणी उडवायचं नाही, फेसाळायचं नाही. झाकण ठेवा, अर्ध्या तासाने परत ढवळा. दोन-तीन तासांत वर तांब्यासारखी चमकणारी साय येते आणि मधे गडद निळा फेस जमतो, जपानी लोक त्याला निळीचं फूल म्हणतात. साय बाजूला करून खालचं पाणी चमच्यात घेऊन बघा, मधासारखं पिवळं-तपकिरी दिसलं की पिंप तयार. अजून निळं असेल तर थांबा, गार झालं असेल तर बादली गरम पाण्याच्या घमेल्यात उभी करा.

फ्रुक्टोज नाही मिळालं तर दीड-दोन किलो अगदी काळी पडलेली केळी सालासकट उकळून गाळलेलं पाणी चालतं, काम थोडं हळू होतं पण होतं. गूळ पण चालतो, मात्र गुळात जास्त करून साधी साखर असते, ती या कामाला थेट उपयोगी पडत नाही, आंबून तुटावी लागते, म्हणून दिवस जास्त लागतात. आणि ज्यांना खरंखुरं आंबवायचं आहे त्यांच्यासाठी टाकळा आहेच. पावसाळ्यात भाजी करून खातो तोच, त्याच्या बिया थंडीत शेंगा वाळल्या की गोळा करायच्या, दक्षिण भारतात नीळ आंबवायला याच बिया शिजवून घालतात. बिया मऊ शिजवून त्या पाण्यासकट नीळ आणि चुन्याच्या पिंपात घाला, कोमट जागी ठेवा, रोज दोनदा हळू ढवळा, आठवड्याभरात पिंप जागं होतं. पीएच पट्ट्या, म्हणजे पाणी किती आंबट किंवा क्षारयुक्त आहे ते दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या जवळ ठेवा, सुती कापडाला पीएच साडेदहा-अकराच्या आसपास बरं. दहाच्या खाली उतरला तर चुना घाला, पीएच ठीक असून पाणी निळं पडलं तर खाऊ घाला, म्हणजे फ्रुक्टोज.

बाजारात हायड्रोस नावाची पावडर मिळते, तिने पिंप अर्ध्या तासात तयार होतं, जपानमध्येही आज बरेच जण वापरतात. मी घरी नको म्हणेन. तिला दमट हवा चालत नाही, ओल लागली की तापते आणि पेट घेऊ शकते, आपल्या पावसाळ्यात अशी पिशवी घरात ठेवणं बरोबर नाही.

बुडवणं

पिंपाच्या तळाशी चुन्याचा गाळ बसतो, त्याला कापड लागायला नको, म्हणून जाळीची टोपली उलटी करून आत ठेवा. ढवळल्यावर तासभर तरी गाळ बसू द्या. वरचं फूल चमच्याने काढून वाटीत ठेवा, काम संपलं की परत टाका. भिजवलेलं बांधलेलं कापड पिळून हळूच आत सरकवा, आत हवा अडकू देऊ नका, पाण्याखालीच बोटांनी चुण्या थोड्या मोकळ्या करा, तीन ते पाच मिनिटं ठेवा आणि पृष्ठभागाजवळ पिळून बाहेर काढा, वरून थेंब थेंब पाडत काढलं की प्रत्येक थेंबाबरोबर हवा आत जाते. बाहेर आल्यावर हिरवट, मग बघता बघता निळं. घरातली सगळी माणसं ते बघायला खळ्यात जमतात. लगेच साध्या पाण्याच्या बादलीत खंगाळा, पाण्यातल्या ऑक्सिजनने आतल्या चुण्या पण निळ्या होतात आणि सुटा रंग निघून जातो. मग दहा-पंधरा मिनिटं सावलीत हवा खाऊ द्या. परत बुडवा.

आणि हे पुन्हा पुन्हा करायचं, हीच जपानी पद्धत. दाट पिंपात एकदाच बराच वेळ ठेवून गडद रंग आणता येतो, पण तो वरवर बसतो आणि घातल्यावर मानेला, पिशवीला लागत राहतो. पातळ पिंपात थोड्या थोड्या वेळाने अनेकदा बुडवलेला रंग धाग्यात थर थर बसतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. जपानी लोकांनी प्रत्येक थराला नाव दिलंय, एकदाच जेमतेम बुडवलेला अगदी फिका तो कामेनोझोकी, मग आसागी, हानादा, आई, आणि जवळजवळ काळा दिसेपर्यंत गेलेला तो कोन. ओलं कापड नेहमी दोन छटा गडद दिसतं, म्हणून तुम्हाला हवा त्यापेक्षा गडद झाल्यावरच थांबा.

शेवटच्या बुडवणीनंतर बांधलेलं तसंच भरपूर पाण्यातून काढा, मग बादलीभर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा, धाग्यातला चुना मरतो. नंतर साध्या साबणाच्या गरम पाण्यात धुवा. दोरे मात्र लगेच सोडू नका, खूप उत्सुकता असते मान्य आहे, पण ओल्यात सोडलं की सुटा रंग पांढऱ्यावर उतरतो आणि कात्री कापडाला लागायची भीती जास्त. जवळजवळ वाळल्यावर, उजेडात बसून, शिलाई उसवायच्या हुकने एकेक वेढा कापा. कानोको आणि आराशीमध्ये कापडावर उंचवटे राहतात, ते इस्त्री करून मोडू नका, नुसती वाफ द्या.

भाताच्या खळीने केलेलं काम

याबद्दल थोडक्यात, कारण हा स्वतंत्र विषय आहे. कातागामी म्हणजे तुतीच्या सालीचा कागद पर्सिमन नावाच्या फळाच्या, हिरवं असतानाच काढून आंबवलेल्या रसाने थर देऊन चिकटवलेला, त्यातून नक्षी कोरून स्टेन्सिल करतात, इसे भागातलं शिरोको त्यासाठी प्रसिद्ध. स्टेन्सिलमधून कापडावर तांदळाची खळ ओढायची, ती वाळली की रंगवायचं, खळ धुतली की तिथे कापडाचा मूळ रंग. सेरिझावा केइसुके यांना १९५६ साली याच कामासाठी जपानने जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून मान दिला. घरी करायला चिकट तांदळाचं पीठ आणि बारीक चाळलेला तांदळाचा कोंडा घ्या, भातगिरणीत कोंडा सहज मिळतो, पण पीठ चिकट तांदळाचंच हवं, आपल्या रोजच्या तांदळाचं केलं तर खळ तडकते. दोन्ही मळून, मधे भोक पाडून गोळे करून तासभर वाफवायचे, उकडीची सवय असलेल्या हातांना हे जमतंच, मग गरम असतानाच कुटून, थोडं मीठ आणि चिमूटभर चुना घालून मधाइतकं सैल करायचं. मीठ ओल धरून ठेवतं म्हणजे खळ तडकत नाही, पण आपल्या दमट हवेत मीठ निम्मं करा, नाहीतर खळ वाळणारच नाही. स्टेन्सिलला जुनी एक्सरे फिल्म चालते. हे काम दिवाळी ते एप्रिलमध्येच करा, आणि पिंप गार असतानाच थोडा थोडा वेळ बुडवा, गरम पिंपात खळ विरघळते.

काळा रंग

निळीनंतर काळा आणि राखाडी हवा असेल तर दक्षिण जपानमधल्या अमामी ओशिमा बेटाची पद्धत बघा. तिथे शारिनबाई झाडाच्या लाकडाचा काढा करून त्यात रेशमी सूत पुन्हा पुन्हा बुडवतात आणि मधूनमधून लोह असलेल्या चिखलात कालवतात, काढ्यातलं टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य आणि चिखलातलं लोह मिळून काळा रंग होतो. आपल्याकडे टॅनिनसाठी हिरडा आहे. कापडाच्या वजनाच्या पंधरा-वीस टक्के हिरड्याची पूड कोमट पाण्यात, त्यात रात्रभर कापड ठेवून न धुता पिळून वाळवायचं. लोहासाठी गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी मातीच्या मडक्यात पंधरा दिवस झाकून ठेवायचं, ते पाणी गाळून, भरपूर पातळ करून त्यात कापड काही मिनिटंच बुडवायचं. गडद हवं असेल तर परत हिरडा, परत लोह. लोह जास्त झालं की सुती धागा कालांतराने कडक होऊन फाटतो, त्यामुळे इथेही पातळ आणि अनेकदा. आपली लाल माती लोहाने भरलेली असली तरी त्या गंजाचा या कामात उपयोग होत नाही, तो विरघळत नाही, नुसता लाल डाग पडतो. लोहाचं पिंप आणि निळीचं पिंप लांब लांब ठेवा, काठी, हातमोजे, बादल्या सगळं वेगळं.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर बांधायचं काम करा, रंगवायचं उन्हाळ्यावर ठेवा असं मी सांगेन, पिंप पावसात पण चालतं पण बांधलेलं ओलं कापड दोन दिवस वाळलं नाही की चुण्यांमध्ये बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. बांधून ठेवलेली कोरडी कापडं डब्यात घट्ट झाकणाखाली ठेवा. पिंप बंद ठेवायचं असेल तर झाकण लावून पडवीत राहू द्या, आठ-पंधरा दिवसांनी एकदा ढवळा, सुरू करताना गरम करून थोडा चुना आणि फ्रुक्टोज घातलं की परत उठतं, एक पिंप असं अनेक महिने चालतं.

पूर्ण संपलेलं पिंप, म्हणजे कापडाला रंगच धरेना असं झालं की, जोरात ढवळून हवा खाऊ घाला, दोन दिवस उघडं ठेवा म्हणजे उरलेली नीळ खाली बसते. ती नीळ गाळून वाळवून पुढच्या पिंपात वापरता येते. वरचं चुन्याचं पाणी भरपूर पातळ करून आगरात थोडं थोडं वेगवेगळ्या जागी टाका, आपली जमीन आंबट असते, तिला चुना चालतो. विहिरीजवळ किंवा पऱ्ह्यात मात्र ओतू नका, त्या पाण्यात मासे असतात आणि खाली कुणाचं तरी पिण्याचं पाणी असतं.